महायुद्धातल्या पूर्वजाच्या नोंदी शोधताना: आधी क्रमांक, मग पलटण, मग नाव

"आमचे पणजोबा लढाईवर होते," एवढं कोकणात, सातारा-सांगलीकडे, कोल्हापुरात कितीतरी घरांत ठाऊक असतं. शोध घ्यायचं मनात येतं तेव्हा पहिलं काम होतं ते मोबाइलवर नाव टाकून पाहण्याचं. नाव सापडतंही. जिल्हा तोच, पलटण मराठ्यांची, बसऱ्याच्या स्मारकावर नोंद. लगेच प्रमाणपत्र छापून भिंतीवर लागतं. मग घरातलं कुणीतरी विचारतं, १९१६ साली मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मरण पावलेल्या माणसाला १९२३ साली मुलगा कसा झाला?

चूक शोधणाऱ्याच्या तळमळीत नसते, क्रमात असते. एकेका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. फक्त नावावर माणूस ओळखता येत नाही. तो पक्का होतो तीन गोष्टींनी: शिपाई क्रमांक, पलटण आणि वडिलांच्या नावासह गाव. यांतल्या दोन जुळल्याशिवाय सापडलेला कागद आपल्या माणसाचा मानू नये. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. ब्रिटिश काळातल्या हिंदी (म्हणजे भारतीय) सैन्यात पहिल्या (१९१४–१८) आणि दुसऱ्या (१९३९–४५) महायुद्धात गेलेल्या आपल्या भागातल्या माणसांपुरतं हे लिहिलं आहे.

## टप्पा १: घरातल्या माणसांना नेमकं विचारा

एक वही करा. डाव्या पानावर ऐकीव माहिती, उजव्या पानावर कागदावर पाहिलेली. ही दोन पानं शेवटपर्यंत एकमेकांत मिसळू देऊ नका. ऐकीव गोष्ट टाकून द्यायची नसते, पण ती "सिद्ध" म्हणून पुढे नेली की पुढचं सगळं तिच्यावर रचलं जातं.

म्हाताऱ्या माणसांना "ते कोणत्या युद्धात होते?" असं विचारून उपयोग होत नाही. उत्तर येतं, "मोठ्या लढाईत." त्याऐवजी असं विचारा:

- पेन्शन यायची का? पोस्टातून की तालुक्याच्या ट्रेझरीतून? नंतर आजीला मिळायची का?
- भरतीला कुठे गेले होते? ट्रेनिंग कुठे झालं? बेळगाव, खडकी, कामठी, नगर, यांपैकी कुठलं नाव घरात ऐकलंय का?
- बोटीने गेले का? परत आले तेव्हा घरात कोण जन्मलं होतं, कुणाचं लग्न झालं होतं?
- सोबत गावातलं आणखी कोण होतं?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. एका भावकीतली, एका वाडीतली पोरं बरोबरच भरती होत आणि पुष्कळदा एकाच पलटणीत जात. तुमच्या घरी एकही कागद नसला तरी शेजारच्या घरातल्या पेटीत तुमच्या पणजोबांची पलटण सापडू शकते.

घरात बोलली जाणारी गावंही लिहून घ्या. "तुर्कांच्या कैदेत होते" असं कुणी सांगितलं तर मेसोपोटेमियातल्या कूत गावचा वेढा आठवा. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या त्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. शेवटी फौज शरण गेली आणि उरलेले कैदेत गेले. "तोब्रुकला (लिबियात) धरले गेले" म्हणजे बहुधा जून १९४२, आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. "जावाला होते" हेही खरं असू शकतं, कारण १९४५च्या अखेरीस मराठा बटालियन जावातल्या सुराबाया शहरात होत्या.

सावधान: "बसरा" हा शब्द एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. हिंदी फौजा तिथे पहिल्या महायुद्धात उतरल्या आणि १९४१ साली पुन्हा उतरल्या. त्यामुळे पिढी आधी ठरवा. पहिल्या युद्धातला शिपाई साधारण १८८० ते १९०० मध्ये जन्मलेला, दुसऱ्यातला १९०५ ते १९२७ मध्ये. जन्मसालासाठी शाळेचं जनरल रजिस्टर किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ पाहा. सैन्याच्या कागदावरचं वय पुष्कळदा भरतीच्या दिवशी अंदाजानेच लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

## टप्पा २: पेटीतली प्रत्येक वस्तू वाचा

ट्रंक, देव्हाऱ्यामागची डबी, माळ्यावरची पिशवी, सगळं बाहेर काढा. हवं ते असं: डिस्चार्जचा कागद किंवा पुस्तिका, पेन्शनची ऑर्डर, पदकं, फोटो, पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, सरकारी जमिनीची सनद.

डिस्चार्जचा कागद मिळाला तर निम्मं काम झालं. त्यावर क्रमांक, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका, भरतीची तारीख, सेवा किती आणि सोडण्याचं कारण असतं. दोन्ही बाजूंचा फोटो काढा. कागद घडीवर फाटत असेल तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. सपाट ठेवून जाड कागदाच्या पाकिटात घाला.

पत्रं मोडीत असतील तर वाचता येत नाहीत म्हणून बाजूला टाकू नका, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असलेला शिक्का असेल तर तो नीट टिपून घ्या. त्या क्रमांकाचं पोस्ट ऑफिस त्या महिन्यात कुठे होतं हे टपालाचे अभ्यासक सांगू शकतात आणि त्यावरून माणूस कुठल्या आघाडीवर होता ते कळतं.

फोटोत टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरं, दंडावरच्या फिती पाहा. फोटोच्या मागे स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं, तेही लिहून घ्या.

## टप्पा ३: पदकाची कडा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. लोक पदकावरचा राजाचा चेहरा पाहतात आणि कडा पाहत नाहीत. हिंदी सैन्यातल्या माणसाला दिलेल्या पदकाच्या कडेवर, तारा असेल तर मागच्या बाजूला, क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली किंवा ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना पदकं बिननावाची मिळाली, पण हिंदी सैन्याची पदकं नावासकट दिली गेली. म्हणजे आपल्या घरातला एखादा काळवंडलेला तारा हाच सेवेचा पुरावा असू शकतो.

सावधान: पदक चिंच, राख, पॉलिश, कशानेही घासू नका. कडेवरची अक्षरं उथळ असतात, दोन-चार घासण्यांत जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, अंधाऱ्या खोलीत बाजूने तिरपा उजेड पाडा आणि कडेचा फोटो तुकड्यातुकड्याने काढा. क्रमांकातले ३ आणि ८, १ आणि ७ दोन वेळा तपासा.

कोणतं पदक काय सांगतं:

- १९१४–१५ स्टार: १९१५ संपण्यापूर्वी युद्धक्षेत्रात पोहोचला होता.
- ब्रिटिश वॉर मेडल: लढाऊ शिपायाला चांदीचं. तेच पदक ब्राँझचं असेल तर माणूस बहुधा लेबर कोअर, पोर्टर किंवा तत्सम फॉलोअर (न लढणाऱ्या कामकऱ्यांच्या) दलात होता. चांदीचं म्हणून अनेक घरांत हे मोडीत गेलं आहे. ते नाही म्हणजे मिळालंच नव्हतं, असा अर्थ काढू नका.
- व्हिक्टरी मेडल: पहिल्या महायुद्धाचं, मागच्या बाजूला १९१४–१९१९ ही सालं असतात. ती पाहून "युद्ध तर १९१८ला संपलं, मग हे खोटं का?" असा प्रश्न येतो. पदक खरंच असतं.
- आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार: दुसऱ्या युद्धातली आघाडी सांगतात, लढाई नाही. बर्मा स्टार असलेला प्रत्येक जण इंफाळला लढला असं नव्हे.
- इंडिया सर्व्हिस मेडल: दुसऱ्या युद्धात देशातच केलेल्या सेवेचं. हे एकटंच असेल तर माणूस परदेशी गेला नसावा.

पडताळणी: कडेवरचं नाव खरंच आपल्या माणसाचं आहे का? भावांची, मेहुण्यांची पदकं एकाच डबीत जमा झालेली असतात. दोन पदकांवर दोन वेगळे क्रमांक दिसले तर माणसंही दोन धरून चाला.

## टप्पा ४: पलटणीचं नाव सालाशी जुळवा

सगळ्यात जास्त शोध इथे भरकटतात. मराठा पलटणींची नावं आणि क्रमांक पुन्हा पुन्हा बदलले. १९०३च्या फेररचनेत मुंबई सैन्यातल्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, म्हणून "३ बॉम्बे"ची १०३ झाली, "१७ बॉम्बे"ची ११७. पहिलं महायुद्ध या तीन आकडी क्रमांकांखाली लढलं गेलं. १९२२ साली पुन्हा जोडणी झाली आणि सहा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री तयार झाली:

- १०३ झाली पहिली बटालियन
- १०५ झाली दुसरी
- ११० झाली तिसरी
- ११६ झाली चौथी
- ११७ झाली पाचवी (रॉयल)
- ११४ झाली दहावी, म्हणजे बेळगावची ट्रेनिंग बटालियन

आता "पाचवी मराठा" हे शब्द किती घोळ घालू शकतात पाहा. १९४२ च्या कागदावर तिरक्या रेघेने "३/५ मराठा" लिहिलेलं असतं. याचा अर्थ पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. "पाचवी पलटण" असं घरात म्हणत असतील तर ती रेजिमेंट, पाचवी बटालियन, की "काली पाँचवी"? शेवटचं नाव आहे दुसऱ्या बटालियनचं, म्हणजे जुन्या १०५ चं. तसंच "जंगी पलटण" म्हणजे पहिली, जुनी १०३. घरात ही टोपणनावं टिकलेली असतील तर ती जशीच्या तशी लिहा, स्वतःच्या मनाने सरळ करू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रेजिमेंटच्या नावातला पाचाचा आकडाही गेला.

कागदावरचा क्रमांक आणि साल जुळतात का ते पाहा. १९१७ च्या कागदात "पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री" असू शकत नाही. असेल तर एकतर कागद नंतर तयार झालेला आहे किंवा साल चुकीचं वाचलं गेलं आहे.

मराठी माणूस म्हणजे मराठा पलटण, हेही धरून चालू नका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (सैन्याचं बांधकाम-इंजिनिअरिंग दल), रस्ते-खंदक करणाऱ्या पायोनियर पलटणींत, खेचरांच्या तुकड्यांत, इस्पितळात, पुरवठा खात्यात आपली माणसं मोठ्या संख्येने होती. पायोनियर पलटणी १९३३ साली बरखास्त झाल्या, त्यामुळे त्यांचा आजचा "वारस" शोधत बसू नये. महार सैनिकांच्या बाबतीत तर फारच काळजी घ्या. १११ महार ही पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात नव्याने उभारली गेली. या दोन वेगळ्या पलटणी आहेत, पहिल्या युद्धातल्या माणसाची चौकशी दुसरीकडे करून काही हाती लागत नाही. वसाहतीच्या सैन्याने या समाजाची भरती अनेक वर्षं बंदच ठेवली होती. तेव्हा नोंद न सापडण्याचा दोष पूर्वजाच्या सेवेवर टाकू नका.

हुद्द्यांतही एक गफलत नेहमी होते. "जमादार" वाचून काही घरांना अवघडल्यासारखं वाटतं. त्या काळी जमादार हा व्हाइसरॉयचं कमिशन असलेला अधिकारी होता, हवालदाराच्या वरचा. १९६५ पासून त्याच हुद्द्याला नायब सुभेदार म्हणतात.

पडताळणी: शिपाई क्रमांक पलटणीपुरताच असतो. ११० मधला २३४५ आणि ११७ मधला २३४५ ही दोन वेगळी माणसं. क्रमांक कुठेही लिहाल तिथे पलटण सोबत लिहा.

## टप्पा ५: नाव आणि गाव इंग्रजी कागदाच्या कानाने ऐका

कारकुनाने नाव ऐकून लिहिलं, तेही मराठी न येणाऱ्या कारकुनाने. शिंदे हे सिंदे किंवा सिंधिया होतात, पवार पोवार होतात, चव्हाण चवान किंवा चौहान. घाडगे आणि घाटगे एकमेकांत मिसळतात. रामा, रामजी, रामचंद्र हा एकच माणूस असू शकतो. काही नोंदींत आडनावच नसतं, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. काहींत गावावरून पडलेलं "कर"वालं आडनाव असतं आणि घरात आज दुसरंच चालतं. जुन्या महार नावांत शेवटी "नाक" लागलेलं दिसतं आणि पुढच्या पिढीत ते गळून गेलेलं असतं.

म्हणून शोधण्याआधी आपल्या नावाची आठ-दहा इंग्रजी रूपं वहीत लिहून काढा. शोधपेटीत पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली तीन अक्षरं टाका आणि पलटण निवडा. यादी लांबेल, पण माणूस सुटणार नाही.

गावाचं तर याहून अवघड. नोंदीतला जिल्हा हा त्या काळचा जिल्हा आहे. "कोलाबा" म्हणजे मुंबईतलं कुलाबा नव्हे, तो आजचा रायगड (नाव बदललं १९८१ मध्ये). महाड, माणगाव, रोह्याची माणसं कोलाब्याखाली मिळतील. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची माणसं रत्नागिरीखाली, कारण सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. तासगाव, वाळवा, खानापूर आणि शिराळ्याची माणसं सातारा जिल्ह्यात दाखवलेली असतात. "सांगली" टाकून ती सापडणार नाहीत. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, जत, औंध ही संस्थानं होती, तिथे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव येतं.

एकाच नावाचे तालुकेही फसवतात. खेड रत्नागिरीत आहे, पुण्यातही आहे. कर्जत रायगडात आणि नगरकडेही. खानापूर सांगलीत आणि बेळगावातही. जिल्हा जुळल्याशिवाय तालुका मोजू नका.

गावात मारुतीच्या देवळाजवळ, चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का तेही पाहा: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले. त्यावर सहसा फक्त आकडे असतात, नावं नसतात. तरी तुमच्या गावातून माणसं गेली याचा तो पक्का पुरावा आहे. पाटीचा फोटो काढा आणि गावकऱ्यांना रंग देण्यापासून थांबवा.

## टप्पा ६: युद्धात मृत्यू झाला असेल तरच मृतांच्या याद्या

युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. पण ही यादी मृतांची आहे. घरी परत येऊन म्हातारपणी गेलेला माणूस तिथे नसणार. तो "सापडला" तर तो दुसराच कुणीतरी आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू कमिशन धरतं, म्हणजे युद्ध थांबल्यावर आजाराने छावणीत गेलेला माणूसही त्यात असू शकतो.

शोधताना सेवा "हिंदी सैन्य", मग युद्ध, मग पलटण असा क्रम ठेवा, आडनाव सगळ्यात शेवटी. नोंद उघडली की "अधिक माहिती"चा रकाना वाचा. वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा तिथेच असतात. तो रकाना रिकामा असेल तर क्रमांक जुळेपर्यंत नोंद "शक्यता" म्हणूनच ठेवा.

स्मारक वाचताना काही गोष्टी लक्षात घ्या. हिंदू शिपायांचं दहन झालं, त्यामुळे बहुतेकांची थडगी नाहीत. नावं स्मारकांवर आहेत. खडकीच्या युद्धस्मशानात जाऊन नाव न मिळाल्याने निराश होणारे पुष्कळ असतात, पण मेसोपोटेमियात मरण पावलेल्याची नोंद बसरा स्मारकाखाली आहे. तिथल्या भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांच्या नुसत्या संख्या टाकल्या. हा भेदभाव कमिशनने २०२१ च्या अहवालात मान्य केला आहे. नावं मिळतात ती नोंदवहीत. फ्रान्समधल्या नव्ह-शापेल स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी शिपाई आणि मजुरांची नावं आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धातल्या मृतांची. तिथे नाव नाही म्हणजे माणूस युद्धात गेला नाही, असं होत नाही.

दुसऱ्या युद्धासाठी इटलीत कासिनो, ब्रह्मदेशात रंगून स्मारक आणि सिंगापूरचं क्रांजी पाहा. माणगावकडच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. त्यांचंही नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. त्यांची नोंद एकदा उघडून पाहा. रकाने कसे असतात ते कळतं, मग आपली नोंद वाचायला सोपी जाते.

कोकणातले खलाशी वेगळे शोधावे लागतात. रॉयल इंडियन मरीन आणि व्यापारी जहाजांवर पहिल्या युद्धात समुद्रात मरण पावलेल्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. आजोबा "बोटीवर" होते एवढंच ठाऊक असेल तर नौदलाची बोट की व्यापारी, हे आधी ठरवा. जहाजावरच्या नोकरीची पुस्तिका मिळाली तर जहाजांची नावं आणि तारखा तीत असतात.

## टप्पा ७: रेकॉर्ड ऑफिसला अर्ज

घरचा शोध झाल्यावरच अर्ज करा. "माझे आजोबा मिलिटरीत होते, माहिती द्यावी" अशा अर्जाला उत्तर देणं कुणालाच शक्य नसतं.

कुठे लिहायचं ते पलटणीवर ठरतं: मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड. नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईतल्या मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स.

अर्जात एका पानावर क्रमांक, हुद्दा, नाव (सगळ्या रूपांसह), वडिलांचं नाव, त्या काळचं आणि आजचं गाव-तालुका-जिल्हा, बटालियन, भरती आणि डिस्चार्जची साधारण सालं. सोबत पदकाच्या कडेचा फोटो, डिस्चार्जची प्रत, तुमच्यापासून त्यांच्यापर्यंतच्या नात्याचा पुरावा आणि तुमचं ओळखपत्र. मागणी नेमकी हवी: शीट रोलची (शिपायाच्या सेवापत्रकाची) प्रत, लाँग रोलमधली (पलटणीच्या नोंदवहीतली) नोंद, मिळालेल्या पदकांची यादी.

इथे अपेक्षा ताळ्यावर ठेवा. पेन्शन न मिळालेल्या शिपायाचे सेवाकागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. लाँग रोलमधली एका ओळीची नोंद मात्र राहते, म्हणून ती वेगळी मागा. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाचं पूर्ण सेवापत्रक मिळण्याची शक्यता फार कमी. दुसऱ्या युद्धातल्या पेन्शनरांच्या बाबतीत बरीच जास्त.

स्पीड पोस्टने पाठवा, प्रत ठेवा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्यातही नातं सिद्ध करा, नाहीतर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो.

त्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्याकडून अनुदान मिळत आलं आहे. आजीने कधी अर्ज केला असेल तर त्या फाइलीत क्रमांक आणि पलटण असणारच. सरकारने जमीन दिली असल्याचं घरात बोललं जात असेल तर तलाठ्याकडे जुने फेरफार मागा.

## टप्पा ८: पलटण पक्की झाल्यावरच अभिलेखागार

लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये युद्धदैनंदिन्या आहेत: पहिल्या युद्धासाठी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९५ ही मालिका, दुसऱ्यात मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी १७२. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्याचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात फ्रान्समधून शिपायांनी धाडलेल्या पत्रांचे सेन्सॉरने काढलेले उतारे आहेत.

दैनंदिनीत आपल्या शिपायाचं नाव मिळेल अशा आशेने जाऊ नका. तिथे अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांची फक्त संख्या. पण अमुक दिवशी पलटण कुठे होती, पाणी मिळालं का, किती आजारी, किती जखमी, हे रोजचं लिहिलेलं असतं. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठ्यांच्या चौथ्या बटालियनबरोबर असलेल्या माणसाच्या नातवाला लाँग रोलमधल्या एका ओळीपेक्षा यातून कितीतरी जास्त मिळतं. फक्त तो माणूस त्या तारखेला बटालियनबरोबरच होता हे आधी ठरवायला हवं. रजेवर, इस्पितळात किंवा बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरवरही असू शकतो.

सावधान: पैसे घेऊन वंशावळ शोधून देणाऱ्या परदेशी संकेतस्थळांवर "पहिल्या महायुद्धाची सेवापत्रकं" मिळतात, ती ब्रिटिश शिपायांची. हिंदी शिपायांची त्यात नसतात. पंजाबच्या तीन लाखांहून अधिक शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात मिळून त्या ऑनलाइन आल्या, ती बातमी वाचून आपले लोकही तिथे शोधतात. त्या पंजाबपुरत्याच आहेत. पैसे भरण्याआधी त्या संग्रहात मुंबई इलाख्यातल्या पलटणी आहेत का, हे लेखी विचारा.

## टप्पा ९: जुळवणी आणि दुरुस्ती

आता वहीची दोन्ही पानं समोर ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर सालवार यादी करा: जन्म, भरती, आघाडी, बढती, डिस्चार्ज, लग्न, मुलांचे जन्म, मृत्यू. प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या कागदावरून आली ते लिहा. माणूस आघाडीवर असताना गावात मूल जन्मलेलं दिसलं तर तारीख चुकली आहे किंवा माणूस. घाईने एखादी सोयीची रजा कल्पू नका, मागे टप्पा ३ आणि ४ वर जा.

क्रमांक आणि पलटण जुळतात पण नाव वेगळं लिहिलं आहे, असं झालं तर नोंद बहुधा आपलीच. नाव आणि जिल्हा जुळतात पण क्रमांक वेगळा, तर बहुधा नाही.

युद्धात मरण पावलेल्याचं नाव कमिशनच्या यादीत चुकीचं असेल किंवा नसेलच, तर पुराव्यासह दुरुस्तीची विनंती करता येते. त्यासाठी त्या काळचा कागद लागतो: मृत्यूची कळवणी, पेन्शनची ऑर्डर, नाव कोरलेलं पदक. घरातली आठवण किंवा गावच्या सरपंचाचा आजचा दाखला एकट्याने पुरत नाही. मूळ कागद कुणालाही, कितीही विश्वासू असला तरी, पोस्टाने पाठवू नका. स्वच्छ स्कॅन पाठवा आणि सगळ्या फोटोंची एकेक प्रत भावकीतल्या दुसऱ्या एका घरी ठेवा.